आधी बटणं

छबूआत्याकडं जायचं असलं की आमच्या घरातले पुरुष टेरिकॉटचा शर्ट घालून निघत. उन्हानं डोकं तापलेलं असो, घामानं पाठ चिकटलेली असो, अंगात टेरिकॉटच. सुती शर्ट घालून तिच्या शेडात गेलेला माणूस सुती शर्टातच परत येईल, याची खात्री नव्हती. बोलता बोलता तिचा हात आपल्या शर्टाच्या टोकाशी यायचा. अंगठ्यात आणि बोटात कापड चोळलं जायचं, कडेचा एक धागा सर्रकन ओढला जायचा आणि कमरेच्या आगपेटीतली काडी पेटायची. धागा भुरकन जळून मऊ राख झाली की कापड चोख सुती. टोकाला काळा टणक मणी झाला की मिक्स. मणी झाला तर आपण सुटलो. राख झाली तर आत्या शांतपणे विचारायची, "कवा देतूस?"

माझा लग्नातला झब्बा असाच गेला. पुढं त्याचाच कागद करून आत्यानं माझ्या बायकोला भेट पाठवला. बायकोनं त्यावर किराण्याची यादी केली आणि म्हणाली, "नवऱ्यापेक्षा झब्बा कामाचा निघाला." हे ती अजून म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते.

छबूआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कोरेगावच्या बाहेर, ओढ्यालगत, पत्र्याच्या शेडात ती बायकांना हाताशी घेऊन सुती चिंध्यांपासून हातकागद बनवायची. पुण्याकडून येणाऱ्या लोकांना वाटायचं, फार नाजूक काम आहे. कागद गालाला लावून "किती मऊ!" वगैरे म्हणायचे. आत्या त्यांना आत घेऊन जायची. आत बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढं पाटावर उभं ठोकलेलं ऊसतोडीच्या कोयत्याचं पातं, आणि चर्र चर्र चर्र कापड फाटतंय. पलीकडं बीटर. पाण्यात फिरणारा लोखंडी दातांचा रूळ, त्याच्याखाली चिंध्या दिवसभर चेचल्या जातायत. त्या आवाजात पुणेकरांना आपलं "मऊ" आपल्यालाच ऐकू यायचं नाही.

"कापड जवर म्हनतंय की मी शर्ट हाय, मी चादर हाय," आत्या बीटरवर आवाज चढवून सांगायची, "तवर त्याचा कागद व्हत न्हाई. ते इसरंस्तवर हाणायचं."

पण हाणण्याआधी सोलायचं. याबाबतीत ती मिलिटरीच्या वरताण होती. शर्ट आला की आधी बटणं, ती कात्रीनं कापून डब्यात. मग कॉलर, कारण तिच्या पोटात कडक मिक्स अस्तर असतं. मग कफ, मग पुढची पट्टी, मग शिवणी उसवायच्या. प्रत्येकाची पाटी वेगळी. उरलेलं निखळ कापड पात्यावर. नव्या बाईनं क्रम चुकवला की शेडाच्या दुसऱ्या टोकावरून आरोळी यायची, "ए, आधी बटणं!" एखादं बटण बीटरात गेलं तर रुळाचा दात मोडायचा, आणि मग आत्या कुणाचा दात मोडेल ते सांगता येत नसे.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. इचलकरंजीचा एक चिंध्यांचा व्यापारी होता. त्यानं एकदा गठ्ठ्याच्या मधोमध नायलॉन भरून पाठवलं. पुढच्या खेपेला तो स्वतः आला, चहा घेतला, हसला. आत्यानं त्याची मान धरली आणि डोकं लगद्याच्या टाकीत दाबलं. वर काढलं तेव्हा मिशा, भुवया, कान सगळं पांढरं. "काय दिसतंय आत?" तिनं विचारलं. त्याला उत्तर सुचेना, म्हणून परत दाबलं. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा तो म्हणाला, "नायलॉन दिसतंय, आक्का." त्यानंतर इतका चोख माल त्यानं कुणाला दिला नसेल. मी शाळेत मास्तर आहे, म्हणजे रागावण्याचा मला पगार मिळतो. पण माझ्या रागावण्यानं आजवर कुणी सुधारल्याचं ऐकिवात नाही.

तिच्या डाव्या भुवईतून एक खाच गेली होती. तिथं केस उगवत नसत. ती खाच नवऱ्याच्या पट्ट्याच्या बकलाची. नवरा शिरवळला एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ती त्याला कायमची सोडून आली तो दिवस मला लहानपणीचा आठवतो. सकाळच्या एसटीनं ती आमच्या दारात उतरली, काखेत मोठं गाठोडं. आजीनं घाईनं गाठोडं सोडलं तर आत नुसत्या चिंध्या. शर्ट, पँट, लुंग्या, सगळं चार-चार बोटांचे तुकडे करून कापलेलं. काही तुकड्यांवर रक्त. वडिलांचा चेहरा उतरला. "छबे, दाजींचं काय केलंस?"

"झोपलाय त्यो," आत्या म्हणाली. भुवईवर तिनं पदर दाबून धरला होता. "रगात माझं हाय. त्याला काय बी केलं न्हाई. उठंल तवा अंगात घालायला कायसुदीक न्हाई त्याला. मागं यील कसा?"

आणि तो खरंच लगेच आला नाही. रात्रभर विळीवर बसून तिनं त्याची सगळी कापडं चिरली होती आणि तो घोरत होता. पुढं बायकांसाठीच्या एका प्रशिक्षणात ती कागद करायला शिकली, तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कापायचा हात तुमचा तयारच दिसतोय.

अशी ही बाई. माझ्या पुतणीच्या लग्नाचा निर्णय आम्ही तिच्यावर सोडला, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

मनीषा, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आत्याचा तिच्यावर जीव. शाळेतून सुटली की मनी शेडात. तिला स्थळ आलं सांगलीकडचं. घरचा ऊस, विक्रम नाव, मिरजेत गाड्यांच्या शोरूमला नोकरी. दादाच्या कानावर एवढंच आलं होतं की पोरगा जरा गरम डोक्याचा आहे. दादा घुटमळत होता. बघण्याच्या दिवशी विक्रम पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोहे झाले. आत्या उठली, सरळ त्याच्याजवळ गेली, शर्टाचं टोक हातात घेतलं आणि धागा ओढला. पाहुणे बघतच राहिले. काडी पेटली. धागा भुरकन गेला. राख तिनं बोटांवर चोळली, फुंकली. राखेचा मागमूस राहिला नाही.

"शंभर टक्के सुती," ती म्हणाली. "भेसळ न्हाई. दे पोरगी."

सगळे हसले. विक्रमही हसला. दादाचं घुटमळणं त्या हसण्यात वाहून गेलं. आता कुणी विचारेल, धागा जाळून माणूस कळतो का? पण आत्यानं आयुष्यभर जिच्यावर विश्वास ठेवला, ती गोष्ट तिला कधी फसवत नव्हती. माणसांनी फसवलं होतं. धाग्यानं नाही.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मनी माहेरी आली आणि शेडात गेली. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता. आत्याचा हात सवयीनं बाहीकडं गेला. "नायलॉन? ह्या उन्हात?" मनीनं हात मागं घेतला. आत्यानं तिचं मनगट धरलं आणि बाही वर सरकवली. दंडापासून कोपरापर्यंत पट्ट्याचे वळ. काही जुने, पिवळे पडलेले, काही ताजे. एका ठिकाणी बकलाची चौकोनी खूण.

बीटर चालू होता. आत्यानं कमरेची आगपेटी काढली आणि टाकीत टाकून दिली. बायका सांगतात, ती खूण तिनं फक्त एकदा बोटानं चाचपली, कापड चाचपावं तशी, आणि म्हणाली, "ह्ये मी केलं."

आमच्या घरची बैठक बसली. आमच्या घरी बैठक बसली की एकच गोष्ट ठरते, ती म्हणजे पुन्हा बसायचं. कुणी म्हणालं, जावयाला समज देऊ. कुणी म्हणालं, नांदायला तर जावंच लागेल. आत्या दारात उभी राहून ऐकत होती. "मनी माझ्याकडं ऱ्हाईल," ती म्हणाली. "ज्याला न्यायची हाय, त्यानं माझ्या शेडातनं न्यावी."

हे वाक्य विक्रमपर्यंत पोचलं. त्यानं ते आव्हान म्हणून घेतलं. बरोबरच समजला.

तो आला त्या दुपारी मी शेडात होतो. शाळेच्या प्रमाणपत्रांसाठी कागद न्यायला आलो होतो, अर्थात टेरिकॉटमध्ये. दाराशी जीप थांबली. विक्रम एकटाच उतरला. तोच पांढरा शर्ट, किंवा तसलाच. मनी टाकीपाशी वाकून, लगदा उचलायचा जाळीचा साचा पाण्यात बुडवत होती. तो कुणाकडं न बघता सरळ चालत गेला आणि तिची वेणी हाताला गुंडाळून ओढली. ती मागच्या मागं आपटली. टाकीच्या कडेनं, ओल्या फरशीवरून त्यानं तिला फरपटत चार-पाच पावलं आणली. तिनं टाकीचा काठ धरला, तर त्यानं तिचं डोकं त्या काठावर आदळलं. सिमेंटवर डोकं आपटल्याचा आवाज बीटरच्या घरघरीतूनही ऐकू आला. तो आवाज मला अजून कधीमधी ऐकू येतो, वर्गात एखादं पुस्तक पडलं तरी.

मी धावलो. भिंतीला टेकवलेला एक साचा उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून हाणला. तो विक्रमला लागला नाही. माझाच पाय घसरला आणि मी साच्यासकट टाकीत गेलो. त्या दिवशीच्या लढाईत माझा वाटा इतकाच. छातीएवढ्या लगद्यात उभं राहून मी पुढचं सगळं बघितलं.

आत्या पात्यापुढं बसली होती, ती उठली. धावली नाही. मागून जाऊन तिनं त्याची कॉलर धरली. त्यानं वळून तिच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडला, ओठ फाटला, पण कॉलर सुटली नाही. त्यानं दुसरी मारली. तिनं त्याला कॉलरनं मागं खेचलं, तोल गेला आणि दोघं पात्यांच्या ओळीतच कोसळली. पडताना तिनं आधाराला हात टाकला तो उभ्या पात्यावर. तळवा आडवा उघडला गेला, हाडापर्यंत. मला पांढरं दिसलं, मग लाल.

तोवर बायका उठल्या होत्या. एक त्याच्या पायांवर बसली, दोघी हातांवर. आत्या छातीवर गुडघा देऊन बसली, डाव्या हातात कात्री, उजव्यातून रक्ताची धार. विक्रमच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं, त्याला भीती म्हणणं कमी होईल. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता ही त्याचा गळा चिरणार. मनी फरशीवरून ओरडली, "आज्जी, नको!"

आत्यानं कात्री त्याच्या गळ्याशी नेली आणि पहिलं बटण कापलं.

मग दुसरं. मग तिसरं. तिचे हात तिला विचारून चालत नव्हते, जन्मभराच्या सवयीनं चालत होते. बटणं संपली तेव्हा तिनं हात बाजूला केला. कुणीतरी डबा पुढं धरला होता! बटणं डब्यात टपटप पडली. मग कॉलर, कडेकडेनं. पाटी पुढं आली. मग एक कफ, दुसरा कफ. त्याच्या हातांवर बसलेल्या बायकांनी स्वतःच मनगटं वळवून दिली. मग पट्टी. मग बाह्यांच्या शिवणी, बरगडीच्या शिवणी. ती कात्री त्याच्या कातडीला चाटत चालली होती आणि तो श्वाससुद्धा घेत नव्हता. शेवटी पाठीचा भाग तिनं त्याच्या अंगाखालून ओढून काढला आणि तो उघडा पडला. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. सगळं रक्त तिचं होतं.

तिनं हातातलं कापड चोळून बघितलं.

"कापड चोख हाय," ती म्हणाली. तोंडातलं रक्त तिनं बाजूला थुंकलं. "कापडात मी चुकले न्हवते. मानूस कापडासारखा आसंल आसं वाटलं, तिथं चुकले. जा. परत आलास तर आजून एक थर हाय सोलायला."

तो गेला. उघड्या अंगानं जीपमध्ये बसून गेला. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं, आणि त्याच्यासारख्या माणसाला मारापेक्षा ते जास्त लागलं असावं. मनीच्या डोक्याला टाके पडले. शुद्धीवर राहून तिनं स्वतः पोलिसांत जबाब दिला, आणि पुढं सांगलीच्या कोर्टात उभी राहून सोडचिठ्ठीही घेतली. कोर्टात ती कुणाचा हात धरून गेली नाही.

आत्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण उजव्या हाताची बोटं काडीसारखी ताठ राहिली. साचा धरता येईना. कात्री ती आता कायमची डाव्या हातानं चालवू लागली, शिव्या तर पूर्वीसारख्याच तिखट होत्या. पण एक गोष्ट बदलली. तिनं कुणाच्या शर्टाला हात लावणं सोडलं. आधी आम्हाला वाटलं, बोटं दुखत असतील. मग लक्षात आलं, डावा हातही लावत नाही. आम्ही घरातले पुरुष हळूहळू बिनधास्त सुती घालून तिच्याकडं जायला लागलो. कुणी धागा ओढेना, कुणी काडी पेटवेना. एकदा मी मुद्दाम नवा खादीचा शर्ट घालून तिच्यासमोर फेऱ्या मारल्या. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. शर्ट वाचल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मनी शेडातच रमली. बीटरची मोटार जळाली की रहिमतपूरचा एक मिस्त्री यायचा, शशिकांत. जळक्या मोटारींत नवी तार भरायचा त्याचा धंदा. मोटार दुरुस्त झाल्यावरही तो येत राहिला, तेव्हा बायकांनी ओळखलं. एक दिवस त्यानं आईला पाठवलं. मनी म्हणाली, "बोलवा. पण बघणं शेडातच."

आम्ही सगळे जमलो. दादानं, कुणास ठाऊक काय वाटलं, खिशातून आगपेटी काढून आत्यापुढं धरली. आत्यानं ती बघितली. "ठेव तिकडं," ती म्हणाली. मग शशिकांतकडं वळली. "ए मिस्त्री, हिकडं ये. त्यो कागद उचल."

दाबयंत्रातून काढलेला ओला कागद कापडावर पडला होता. तो सोलून दोरीवर घालायचा असतो. जरा जोर झाला की गेला. शशिकांतनं पँटला हात पुसले, दोन कोपरे धरले आणि उचलला. कागद मधोमध फाटला.

आत्यानं तोंड सोडलं. "हात हायत का पाने रं मुडद्या? तारा गुंडाळून गुंडाळून बोटं मेली व्हय तुझी? तुझ्या आईनं काय शिकीवलं तुला? बायकांच्या म्होरं लाज न्हाई वाटत?" त्याची आई तिथंच बसली होती. दादा "आत्या, आत्या" करायला लागला. ती थांबेना. त्याच्या धंद्याला, गावाला, चपलांना, कशालाच तिनं सोडलं नाही. मी तिच्या अगदी शेजारी होतो, म्हणून मला दिसलं. पदराखाली डाव्या हातात तिनं कात्री गच्च आवळून धरली होती. टाकीत माणूस बुडवणारी, पात्यावर पडूनही कॉलर न सोडणारी ही बाई घाबरली होती. बाईनं चारचौघांत अपमान केला तर हा माणूस काय करतो, एवढंच तिला बघायचं होतं.

शशिकांतचे कान लालबुंद झाले. त्यानं कागदाचे तुकडे गोळा केले.

"परत टाकीत टाकू का, आज्जी? वाया जात न्हाई ना?"

"टाक."

त्यानं टाकले आणि पुढचा कागद धरला. तोही फाटला. आत्यानं परत सुरुवात केली. तो ऐकत राहिला, तुकडे गोळा करत राहिला. तिसरा फाटल्यावर म्हणाला, "आज्जी, शिव्या द्या, पर हात कसा धरायचा ते मधी मधी सांगा की. दोन्ही एकदम चालंल मला."

बायका फिसकन हसल्या. पदराखालचा हात सैल झाला. दादानं घाई केली, "मग आत्या? काय म्हणतीस?"

"मला इचारू नगा," आत्या म्हणाली. "मी एकदा सांगितलं, त्येचं काय झालं बघितलंसा. जिला नांदायचं हाय, तिला इचारा."

सगळ्यांच्या माना मनीकडं वळल्या. मनीच्या केसांत टाक्यांची रेघ अजून दिसते. ती कमरेवर हात ठेवून दोरीपाशी उभी होती.

"आजून फाडू दे त्याला," ती म्हणाली. "मला घाई न्हाई. महिना-दोन महिने येऊ दे, फाडू दे. मग सांगते."

"येतो की," शशिकांत म्हणाला आणि चौथ्या कागदाकडं वळला.

आत्या हसली. पडलेल्या दाताची फट दिसेपर्यंत हसली. विक्रम आला त्या दुपारपासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता तिचा हात माझ्याकडं आला आणि माझ्या पोटाशी काहीतरी चाचपायला लागला. मी खाली बघितलं. ताठ बोटांच्या कडेत आणि अंगठ्यात माझ्या शर्टाचं टोक होतं. ती ते सावकाश चोळत होती.

दादाची आगपेटी मीच उचलली. धागा ओढायला तिला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. काडी मीच पेटवली. धागा भुरकन गेला.

"कवा देतूस?"

"घे की आत्ताच," मी म्हणालो आणि शर्ट डोक्यातून काढायला हात वर केले.

"थांब की, गाढवा!" ती ओरडली. माझे हात खाली ओढून तिनं कात्री घेतली आणि मानेपासून सुरुवात केली.

कोरेगावच्या बाजारातून मी त्या दिवशी बनियनवर मोटारसायकल चालवत घरी गेलो. शाळेतली पोरं कोपऱ्यावर उभी होती, त्यांनी नमस्कार केला. मीही केला. आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मला ती दिसते ती तिथंच. माझ्या छातीवर वाकलेली, जीभ दातांच्या फटीत धरलेली, डाव्या हातानं एकेक बटण कापत डब्यात टाकताना. आणि तिच्या मागं, दोरीखाली, कागद फाटल्याचा आवाज.